निळ्या थराचा हिशेब

बीकरमध्ये काचेची एक पट्टी उभी आहे. तिचा नखाएवढा भाग निळा आहे, नवा शाळेचा शर्ट दोन-चार वेळा धुतल्यावर दिसतो तसा. यंत्रावरून आम्ही पट्टीचं व्होल्टेज हळूहळू खाली नेतो. पंधरा-वीस सेकंदांत निळा रंग उडतो आणि पट्टीमागे ठेवलेल्या रजिस्टरातली अक्षरं आरपार वाचता येतात. व्होल्टेज वर आणलं की निळाई जशीच्या तशी परत येते. मधल्या वेळात बीकरमध्ये काही ओतलेलं नाही, पट्टी कुणी पुसलेली नाही.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रसायनशास्त्र शिकवते. कापूस वेचणी ऐन भरात असताना एका विद्यार्थिनीचे वडील शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही करायला कॉलेजात आले होते. मुलगी प्रयोग करत होती म्हणून तेही टेबलापाशी उभे राहिले. पट्टी दोनदा निळी-पांढरी झालेली त्यांनी पाहिली आणि विचारलं, "मॅडम, याच्यावर हाय तरी काय? अन् किती जाड हाय?" मग जरा थांबून, "टिकते का थे?"

इलेक्ट्रोडवरच्या, म्हणजे द्रावणात वीज नेणाऱ्या पट्टीवरच्या किंवा तारेवरच्या, पातळ थरांचा अभ्यास करणारी जगभरची माणसं हेच तीन प्रश्न विचारतात. थर कशाचा आहे, किती आहे आणि टिकतो का. मी मुलांना एक चौथा प्रश्न जोडून देते: वीज आत गेली की तिच्यासोबत आणखी कोण आत जातं? माझ्या मते बाकीच्या तिन्ही प्रश्नांची किल्ली या चौथ्यात आहे.

पहिल्यांदा, थर कशाचा आहे ते पाहू. हा प्रशियन ब्लू. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हा रंग पहिल्यांदा तयार झाला. घराचे, धरणाचे जुने निळे नकाशे, ज्यांना आपण ब्लूप्रिंट म्हणतो, त्यांचा निळा रंग हाच. त्याच्या पोटात लोखंडाचे अणू आहेत आणि दोन लोखंडांच्या मध्ये कार्बन-नायट्रोजनची एक छोटी दांडी आहे. लोखंड, दांडी, लोखंड, दांडी, असं लांबी-रुंदी-उंची तिन्ही दिशांना चालत जातं. बांबूचा मांडव डोळ्यासमोर आणा. जिथे बांबू एकमेकांना बांधले तिथे लोखंड, आणि प्रत्येक चौकटीत रिकामी खोली. मध्ये धातूचा अणू आणि त्याला धरून बसलेले रेणू, अशा रचनेला धातूचं संकुल म्हणतात. अशी संकुलं एकमेकांना जोडत साखळी किंवा जाळी झाली की ते धातू-संकुलांचं पॉलिमर.

कार्बन-नायट्रोजनची ती दांडी म्हणजे सायनाइड. नाव ऐकून दचकायला होतं, पण इथे तो लोखंडाला इतका घट्ट बांधलेला आहे की प्रशियन ब्लू औषध म्हणूनही देतात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात किरणोत्सारी सिझियम लोकांच्या शरीरात गेलं, तेव्हा ते बाहेर काढायला हाच निळा पदार्थ पोटात दिला होता. फक्त तीव्र आम्लात तो किंवा त्याचा कच्चा माल कधीही तापवायचा नाही. ही सूचना आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलेली आहे.

या घराण्यातले थर बरेच आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात रॉइस मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुथेनियम धातूची संकुलं विजेच्याच मदतीने इलेक्ट्रोडवर एकमेकांना जोडून पातळ थर बनवले. पुढे टेक्सास विद्यापीठात ॲडम हेलर यांनी ऑस्मियमची संकुलं पॉलिमरच्या साखळीला लावून साखरेवर काम करणारं एन्झाइम थेट इलेक्ट्रोडला जोडून दाखवलं. गावातल्या उपकेंद्रात बोटाला सुई टोचून साखर बघतात, तसल्या काही पट्ट्यांमध्ये ऑस्मियमची संकुलं असतात. रुथेनियम आणि ऑस्मियम आमच्या आवाक्याबाहेरचे. प्रशियन ब्लू मात्र पदवी कॉलेजच्या कपाटातल्या बाटल्यांतून होतो, आणि मोजायची रीत सगळ्यांची जवळजवळ एकच आहे.

थर बसवणं सोपं आहे. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचं अगदी पातळ द्रावण, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल. काचेची पट्टी साधी नाही, तिच्यावर वीज वाहून नेणारा पारदर्शक ऑक्साइडचा लेप कारखान्यातूनच आलेला असतो. पट्टीच्या दर चौरस सेंटीमीटरला ४० मायक्रोॲम्पियर इतका बारीक प्रवाह दोनेक मिनिटं द्यायचा. तपकिरी द्रावणातून पट्टी बाहेर काढली की ती निळी झालेली असते.

आता जाडीचा प्रश्न. हा थर फुटपट्टीनं मोजता येत नाही, स्क्रूगेजनंही नाही. इथे मोजमाप विजेकडून करून घ्यावं लागतं.

पट्टी पोटॅशियम क्लोराइडच्या स्वच्छ, किंचित आंबट द्रावणात उभी करतो. शेजारी प्लॅटिनमची तार आणि व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं ते ठरवणारा चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड. पोटेन्शिओस्टॅट नावाचं यंत्र पट्टीचं व्होल्टेज ठराविक वेगानं खाली नेतं आणि त्याच वेगानं परत वर आणतं. आपण फक्त प्रवाह किती वाहिला ते टिपत राहायचं.

पंगत आठवा. ताटं मांडली जात असतात तेव्हा वाढपी निवांत असतो. माणसं बसली की त्याची धावपळ सुरू होते, मध्यावर तर त्याला उसंत नसते. एकेकाचं पोट भरत जातं तसा तो मंदावतो, आणि सगळे तृप्त झाले की हातात भांडं घेऊन नुसता उभा राहतो. आपल्या थरातले लोखंडाचे अणू म्हणजे जेवायला बसलेली माणसं आणि वाढायचे ते इलेक्ट्रॉन. व्होल्टेज सुमारे ०.२ व्होल्टच्या आसपास आलं की तीन प्रभारांचं लोखंड एकेक इलेक्ट्रॉन घेऊन दोन प्रभारांचं होऊ लागतं. प्रवाह चढतो, शिखर गाठतो आणि सगळ्या अणूंना मिळाल्यावर उतरतो. परत येताना तेच इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि उलट्या दिशेला तसंच शिखर उमटतं. द्रावणात मोकळ्या फिरणाऱ्या पदार्थाचं शिखर असं पूर्ण उतरत नाही, कारण लांबून नवे पाहुणे येतच असतात. थराचं शिखर उतरून शून्याला टेकतं, कारण पंगतीत बसलेली माणसं मोजकी आहेत.

वाढपी किती जोरात धावला म्हणजे प्रवाह. एकूण किती वाढलं म्हणजे शिखराखालचं क्षेत्रफळ. जाडी या क्षेत्रफळातून निघते.

हल्ली संगणक क्षेत्रफळ काढून देतो. तरी मी प्रत्येक तुकडीला एकदा ते हातानं काढायला लावते. आलेख कागदावर छापायचा, शिखर कात्रीनं कापायचं आणि रासायनिक तराजूवर तो कागदाचा तुकडा तोलायचा. मग त्याच कागदाचा मोजून कापलेला चौकोन तोलायचा आणि त्रैराशिक मांडायचं. संगणक येण्याआधी प्रयोगशाळांमध्ये असंच करत. कागदाचा तुकडा चिमट्यात धरून पोरं श्वास रोखून उभी असतात, तेव्हा क्षेत्रफळ म्हणजे खरोखरची एक वस्तू आहे हे त्यांना पटतं. पाठ केलेल्या सूत्रातून ते पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक हिशेब करून दाखवते. पट्टीचा निळा भाग १ चौरस सेंटीमीटर. व्होल्टेज सेकंदाला २० मिलिव्होल्ट या वेगानं चाललंय. शिखराचा पाया ३०० मिलिव्होल्ट रुंद, म्हणजे १५ सेकंदांचा. उंची ०.६७ मिलिॲम्पियर. शिखर त्रिकोणी धरलं तर पाया गुणिले उंची भागिले दोन, म्हणजे ५ मिलिकूलॉम. कूलॉम हे विजेच्या प्रभाराचं माप. धुऱ्याला धुरा लावून तिरक्या वावराचे त्रिकोण पाडतात आणि मोजणी करतात, तसंच हे. मोल म्हणजे डझनासारखीच, अणू-इलेक्ट्रॉन मोजायची ठरलेली भली मोठी संख्या. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलॉम असतो, त्यानं भागलं की एका मोलचा जवळपास दोन कोटीवा भाग येतो. इलेक्ट्रॉनांची संख्याच हवी असेल तर ३ लिहून पुढे १६ शून्यं द्या. एका लोखंडाला एक इलेक्ट्रॉन, म्हणून प्रतिसाद देणारे लोखंडाचे अणूही तितकेच.

क्ष-किरणांच्या अभ्यासातून हे माहीत आहे की प्रशियन ब्लूच्या जाळीतला, सुमारे १०.२ अँगस्ट्रॉम बाजूचा घन पुन्हा पुन्हा येतो आणि त्यात इलेक्ट्रॉन घेणारी चार लोखंडं बसतात. अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग. मग इतक्या अणूंचा ढीग एका चौरस सेंटीमीटरवर किती उंच होईल? सुमारे ८० नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण हजारावा भाग. काकांना मी हेच सांगितलं. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलीकडे पाहिलं.

या आकड्यात एक गृहीतक दडलेलं आहे. वीज फक्त जाग्या लोखंडांची मोजदाद करते. ज्याच्यापर्यंत इलेक्ट्रॉन पोचलाच नाही, तो अणू पंगतीच्या मागे झोपलेल्या माणसासारखा हिशेबाबाहेर राहतो. म्हणून जाडी दुसऱ्या वाटेनंही तपासावी लागते. थरावर बारीक ओरखडा काढतात आणि ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप नावाच्या यंत्राची अतिसूक्ष्म सुई ओरखड्यावरून फिरवून पायरीची उंची बघतात. हे यंत्र १९८६ साली पुढे आलं. विजेनं ८० नॅनोमीटर सांगितलं आणि सुईनं १२० दाखवलं, तर थर पोकळ तरी आहे किंवा त्यातला काही भाग झोपलेला तरी आहे. दोन्ही आकडे जुळेपर्यंत मी कुठल्याच जाडीवर विश्वास ठेवत नाही.

थराचा स्वभाव व्होल्टेजचा वेग बदलून कळतो. विदर्भातल्या माणसाला हे समजवायला पाऊस पुरेसा आहे. दोन-तीन दिवसांची झड लागली की काळी माती सगळं पाणी पिते, खालपर्यंत ओल जाते. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात कोसळला तर वरचा इंचभर चिखल होतो आणि बाकीचं पाणी नाल्याला जातं. थराचंही असंच. व्होल्टेज सावकाश फिरवलं तर संपूर्ण थर तळापासून वरपर्यंत भाग घेतो. अशा वेळी वेग दुप्पट केला की शिखराची उंची दुप्पट होते, मात्र एकूण प्रभार तेवढाच राहतो. १० चे २० आणि २० चे ४० मिलिव्होल्ट केले तरी प्रमाण सुटत नाही. वेग खूप वाढवला की थराचा थोडाच भाग साथ देतो. मग शिखर दुप्पट व्हायला वेग चौपट करावा लागतो. ज्या वेगापाशी थराची चाल अशी बदलते, तो वेग थराच्या आतली वाहतूक किती जलद आहे ते सांगतो.

आतली ही वाहतूक म्हणजे तारेतून वीज वाहणं नव्हे. स्लॅब टाकायच्या दिवशी माणसं ओळीनं उभी राहतात आणि मालाचं घमेलं या हातातून त्या हातात जात गच्चीवर पोचतं. माणूस जागचा हलत नाही, घमेलं हलतं. लोखंडाचे अणू तसेच आपापल्या जागी राहतात आणि इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे उडी घेतो. रुथेनियम आणि ऑस्मियमच्या थरांतही असंच होतं. म्हणूनच अशा थरात धातूचे अणू एकमेकांपासून किती अंतरावर आहेत याला इतकं महत्त्व येतं. दोन माणसांच्या मध्ये हात पोचणार नाही इतकी फट पडली की ओळ तुटते.

नवख्या मुलांना एक सावधगिरी शिकवावी लागते. खाली जाणारं आणि वर येणारं शिखर खरं तर समोरासमोर यायला हवं. ते लांब सरकलं की पोरं लगेच म्हणतात, थर मंद आहे. कित्येकदा दोष काचेच्या लेपाचा असतो. त्याचा रोध ३० ओहम असला आणि प्रवाह ०.६७ मिलिॲम्पियर, तर २० मिलिव्होल्ट तिथेच खर्ची पडतात. थराला नावं ठेवण्याआधी पट्टीचा रोध मोजावा.

आता तो चौथा प्रश्न. तो मला पुस्तकातून नाही, एका बिघाडातून नीट कळला.

त्या वर्षी पोटॅशियम क्लोराइडची बाटली संपली होती आणि नवी यायला वेळ होता. त्याच विद्यार्थिनीनं शेजारची सोडियम क्लोराइडची बाटली घेतली. दोन्ही पांढरे, दोन्ही मीठच, दोन्हींत क्लोराइड. व्होल्टेज खाली-वर करायच्या पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. मग शिखर रुंद होऊ लागलं, पुढे बसू लागलं. वीस-पंचवीस फेऱ्यांत तिथे नुसता उंचवटा उरला आणि पट्टीचा निळा रंग फिका पडला. ती धावत आली, "मॅडम, हे काहून असं बसून रायलं?"

थरात एक इलेक्ट्रॉन, म्हणजे एक ऋण प्रभार आत गेला, की हिशेब बरोबर राहण्यासाठी एक धन प्रभारही आत यावा लागतो. तो द्रावणातून येतो. पोटॅशियमचा आयन, म्हणजे प्रभार असलेला अणू, बाहेरून जाळीच्या खोलीत शिरतो तेव्हाच इलेक्ट्रॉनाला आत जागा मिळते. रंग परत आणताना इलेक्ट्रॉन निघतो आणि पोटॅशियमही बाहेर पडतो. निळ्या रंगाची ये-जा म्हणजे पोटॅशियमची ये-जा आहे.

मग सोडियमचं काय बिघडलं? नुसता बघितला तर सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे, तो सहज शिरायला हवा. पण पाण्यात कुणीही आयन उघडा फिरत नाही, भोवती पाण्याचे रेणू गुंडाळून फिरतो. सोडियम लहान असल्यामुळे पाण्याला जास्त जोरानं धरतो, त्याची गोधडी जाड. पोटॅशियमची विरळ. गोधडीसकट धरली तर द्रावणात सोडियमची त्रिज्या सुमारे १.८ अँगस्ट्रॉम भरते आणि पोटॅशियमची सुमारे १.२५. जाळीतल्या वाटेची त्रिज्या आहे साधारण १.६. पोटॅशियम सुखानं आत-बाहेर करतो. सोडियमची दारातच ओढाताण होते, आणि जो रेटून शिरतो तो जाळी खिळखिळी करत जातो.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे खारपाणपट्ट्यासारखंच." मला फार आनंद झाला. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतला पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा पट्टा. इथल्या लेकरांना सोडियम म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. विहिरीचं पाणी खारट, ते दिलं तर जमीन चोपण होते, ओली असताना चिकट आणि सुकली की दगड. मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांना कॅल्शियम एकत्र धरून ठेवतो. त्याच्या जागी पाण्याची जाड गोधडी पांघरलेला सोडियम आला की पापुद्रे सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. म्हणून तर जिप्सम टाकतात, कॅल्शियम परत मिळावा म्हणून. थर बिघडतो तो जाळीत शिरताना आणि माती बिघडते ती पापुद्रे सुटे होऊन, एवढा फरक आहेच. पण सोडियम पाण्याला घट्ट धरून बसतो हे मूळ दोन्हीकडे एकच. आणि पोटॅशियम क्लोराइड म्हणजे तर खताच्या दुकानातलं पोटॅशच. अर्थात त्या लालसर पोत्यातला माल प्रयोगाला चालत नाही, त्यात लोखंडाची भेसळ असते.

गोधडीची ही गोष्ट उलट बाजूनंही तपासता येते. प्रशियन ब्लूच्या जातकुळीतले पदार्थ आज सोडियमच्या बॅटऱ्यांत वापरले जातात. तिथे द्रावण पाण्याचं नसतं. पाण्याची गोधडी नसली की तोच सोडियम खोलीत छान मावतो. सिझियमचा आयन मोठा असला तरी त्याची पाण्यावरची पकड सैल, म्हणून तो या जाळीत आवडीनं बसतो. गोयानियाचं औषध चाललं ते याच गुणावर.

आत नेमकं कोण शिरतं हे वजनावरूनही सिद्ध करता येतं, आणि सगळ्या मोजमापांत माझं सर्वांत लाडकं मोजमाप हेच आहे. त्यासाठी काचेऐवजी क्वार्ट्झच्या चकतीवर सोन्याचा इलेक्ट्रोड देतात आणि त्यावर थर बसवतात. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही चकती ५० लाख वेळा थरथरते. तिच्यावर वजन पडलं की थरथर किंचित मंदावते. किती वजनाला किती मंदावते याचं सूत्र जर्मनीच्या झाउअरब्राय यांनी १९५९ मध्ये मांडलं. ५० लाखांच्या चकतीला दर चौरस सेंटीमीटरवर १७.७ नॅनोग्रॅम वाढले की एक थरथर कमी होते.

आता आपला मघाचा ५ मिलिकूलॉमचा थर घ्या. प्रत्येक इलेक्ट्रॉनामागे एक पोटॅशियम आत आला तर मोलला ३९ ग्रॅम या हिशेबानं २ मायक्रोग्रॅम वजन वाढेल आणि थरथर साधारण ११४ नं उतरेल. पन्नास लाखांत एकशे चौदा, आणि यंत्र ते स्वच्छ पकडतं. दर मोल इलेक्ट्रॉनांमागे ३९ ग्रॅम आले तर पोटॅशियम एकटा आला. ५७ आले तर सोबत पाण्याचा एक रेणू घेऊन आला. रुथेनियमच्या थरात इलेक्ट्रॉन आत गेला की वजन चक्क कमी होतं, कारण तिथे धन आयन आत येत नाही, ऋण आयन बाहेर पडतो. नुसत्या प्रवाहाच्या आलेखात हे दोन्ही थर सारखेच दिसतील. वजनानं त्यांचा स्वभाव उघड होतो. अट एवढीच की थर कडक आणि पातळ हवा. ऑस्मियमच्या मऊ, पाणी प्यायलेल्या थरावर हे साधं सूत्र लावलं तर वजन खोटं येतं.

क्वार्ट्झचं यंत्र आमच्याकडे नाही. पण रंग मोजायचा कलरीमीटर पदवी कॉलेजात असतोच, आणि या थराबाबत तो फार कामाचा आहे. प्रशियन ब्लू ७०० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश गिळतो, म्हणून निळा दिसतो. दोन प्रभारांच्या लोखंडावरून तीन प्रभारांच्या लोखंडावर इलेक्ट्रॉन उडी मारतो, त्या उडीला हा प्रकाश लागतो. सगळं लोखंड दोन प्रभारांचं झालं की उडी मारायला रिकामी जागाच राहत नाही आणि रंग जातो. तांबडी गाळणी लावून किती प्रकाश अडला ते बघायचं आणि शेजारी प्रभार मांडायचा. दोन्ही एकाच प्रमाणात बदलले तर वाहिलेली सगळी वीज थरातच कामी आली. प्रभार वाढला आणि रंग तितका बदलला नाही, तर वीज दुसरीकडे गळतेय. द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन अशी चोरी नेहमी करतो.

मोठ्या यंत्रांविषयी थोडक्यात. पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली की तिथे लोखंड, नायट्रोजन, पोटॅशियम किती आणि कुठल्या अवस्थेत आहे ते कळतं. या पद्धतीसाठी काई सीगबान यांना १९८१ चं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप थराचा चेहरा दाखवतो. आम्हाला यासाठी नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागतो. पहिला फोटो आला तेव्हा थरावर सगळीकडे भेगा होत्या आणि मुलांचे चेहरे पडले. मी त्यांना खिडकीबाहेरचं वावर दाखवलं. पावसाळ्यात फुगलेली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, हात जाईल इतकी. म्हणून पावसाळ्यातही तिला भेगा होत्या असं कोणी म्हणत नाही. थरातही पाणी असतं. या यंत्रांमध्ये नमुना निर्वातात जातो, सुकतो, आकसतो आणि तडकतो. फोटो खराच असतो, पण तो सुकलेल्या थराचा असतो, द्रावणात काम करणाऱ्या थराचा नसतो. लेखांमध्ये असे भेगाळलेले फोटो थराचं मूळ रूप म्हणून छापलेले दिसतात तेव्हा मला वाईट वाटतं.

राहिला काकांचा तिसरा प्रश्न, टिकतो का. याला आडवाट नाही, फेऱ्या मारत राहायचं आणि दर पन्नास फेऱ्यांनी प्रभार लिहून ठेवायचा. शिखराची उंची पाहून फसायला होतं, प्रभारच लिहावा. थर किती टिकेल हे बरंचसं द्रावणावर ठरतं. अल्कधर्मी पाण्यात हायड्रॉक्साइड लोखंडाला जाळीतून ओढून काढतो आणि निळ्याच्या जागी तांबूस गाळ उरतो. म्हणून पट्टी आमच्या बोअरच्या पाण्यानं धुवायची नाही, डिस्टिल्ड पाणीच वापरायचं. वीज जाऊन फेरी मध्येच तुटली तर थर कुठल्या अवस्थेत अडकला ते वहीत लिहायचं आणि वीज आल्यावर निळ्यापासून सुरुवात करायची. ही शिस्त मुलांच्या अंगवळणी पडायला एक सत्र जातं.

काकांना मी त्या दिवशी सांगितलं, पोटॅशच्या आंबट पाण्यात ठेवला तर टिकतो, साध्या मिठाच्या पाण्यात नाही. त्यांचं वावर खारपाणपट्ट्यातच आहे, हरभऱ्याला पाणी शेततळ्याचं देतात. ते म्हणाले, "मंग विहिरीचं पाणी आणून देऊ का? त्यात थर किती लवकर मोडते थे पाहा." मुलगी हसली, पण मी वहीत ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात दोन लिटरची बाटली आली, झाकणावर मुलीच्या अक्षरात विहिरीची खोली आणि तारीख लिहिलेली. आता चार पट्ट्या एकाच दिवशी, एकाच प्रवाहानं बनवल्या आहेत. एक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, एक सोडियमच्या, एक विहिरीच्या पाण्यात आणि एक त्याच पाण्यात थोडं आम्ल घालून. प्रत्येकीचा पहिला प्रभार वहीच्या डाव्या पानावर टिपलेला आहे. उजव्या पानावर तिनं पन्नास, शंभर, दीडशे असे रकाने आखून ठेवलेत.